स्कीइंग करताना कानात गाणी असावीत का? खान्देशातून प्रथमच बर्फावर जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जानेवारी-फेब्रुवारीत जळगाव किंवा भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूकडे निघालेल्या डब्यात यात्रेकरू आणि सुट्टी संपवून परतणारे जवान यांच्याबरोबर आता स्कीइंग शिकायला निघालेली अमळनेर, धुळे, चाळीसगावकडची तरुण मुलेही भेटतात. त्यांना सामानाची यादी करून देताना हातमोजे, थर्मल आणि सनस्क्रीन यांच्यानंतर एक प्रश्न हमखास येतो: उतारावरून येताना कानात गाणी लावली तर चालतील का? ज्यांच्या प्रवासात, व्यायामात आणि शेतातल्या कामातही इअरफोन असतो त्यांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, आणि नुसते ‘नको’ म्हणून त्यांना गप्प बसवणे योग्य नाही, कारण जिचे कारण समजलेले नाही अशी मनाई पहिली संधी मिळताच मोडली जाते.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शिकण्याच्या काळात गाणी अजिबात नकोत. हव्या त्या ठिकाणी थांबता येऊ लागल्यावर, रुंद आणि मोकळ्या अशा आखलेल्या (म्हणजे स्कीइंगसाठी खुणा करून राखलेल्या) उतारावर, हळू आवाजात आणि कान उघडे ठेवून ऐकायला हरकत नाही. आखलेल्या उताराच्या बाहेर मात्र, कितीही सराव झालेला असला तरी, कधीच नाही. हे असे का, आणि अमलात कसे आणायचे, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

संगीताची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लय सापडली की वळणे एकसारखी पडतात, मनातली धास्ती कमी होते आणि लांब, सोप्या उतारावर कंटाळा येत नाही, हा अनेकांचा खरा अनुभव आहे. स्की बॅले नावाचा एक प्रकार तर संगीताच्या तालावरच सादर होत असे आणि 1988 च्या कॅलगरी व 1992 च्या आल्बेर्व्हिल हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला होता. आजही हाफपाइप आणि स्लोपस्टाइल या प्रकारांतले कित्येक खेळाडू स्पर्धेत कानात गाणी लावून उतरतात. मुले नेमके हेच व्हिडिओ पाहून आलेली असतात. पण त्या खेळाडूंसाठी मार्ग बंद केलेला असतो, एका वेळी एकच जण त्यावर असतो आणि मागून कोणी येणार नाही याची जबाबदारी आयोजकांनी घेतलेली असते. गुलमर्गच्या शिकाऊ उतारावर सकाळी अकरा वाजता यांतले काहीही नसते.

मागचे आणि पायाखालचे

स्कीइंगमध्ये डोळे समोरचे पाहतात आणि उरलेल्या सगळ्या दिशा कानांवर सोपवलेल्या असतात. गॉगल लावला की बाजूची नजर आणखी आक्रसते. हेल्मेट आणि जॅकेटची कॉलर यांमुळे मान सहज वळत नाही. आणि नवख्या माणसाची नजर तर स्वतःच्या स्कीच्या टोकांवरच खिळलेली असते. अशा वेळी मागून काही येत असल्याची पहिली खबर कानच देतात.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे स्कीअरच्या वर्तनाचे दहा नियम 1967 पासून चालत आले आहेत. त्यांत संगीताविषयी एक अक्षरही नाही, त्यामुळे ‘नियमात कुठे लिहिले आहे?’ असे विचारणारा तांत्रिकदृष्ट्या चुकत नाही. मात्र त्याच नियमांनुसार मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा असतो, ओलांडताना पुरेशी जागा सोडायची असते आणि थांबलेल्याने पुन्हा निघण्यापूर्वी वर आणि खाली दोन्हीकडे पाहायचे असते. म्हणजे पुढे असलेल्याला मान आहे. पण मागचा माणूसही आपल्यासारखाच शिकाऊ असेल, त्याला थांबताच येत नसेल, तर तो मान आपले हाड वाचवणार नाही. तशा वेळी तो जे करू शकतो ते एकच: ओरडणे.

हिशेब करून पाहावा. ताशी 36 किलोमीटर वेगाने येणारा स्कीअर एका सेकंदात 10 मीटर अंतर कापतो. त्याने 30 मीटर वरून ‘बाजूला व्हा’ अशी हाक दिली आणि आपण उभे असलो, तर हाक कानावर पडून, तिचा अर्थ लागून, दोन पावले सरकण्यासाठी आपल्याकडे तीन सेकंदही पुरते नसतात. गाण्याच्या आवाजात ती हाक एक सेकंद उशिरा कळली तर उरलेल्या वेळात जड बूट आणि लांब स्की घेऊन हलणे अवघडच आहे. हाक ऐकू आल्यावर काय करायचे हेही इथेच सांगतो. आपण चालते असू तर दचकून वळू नये आणि मागे वळून पाहू नये. ज्या रेषेत जात आहोत ती तशीच ठेवावी, म्हणजे मागच्याला आपला अंदाज येतो. आपण उभे असू तर उताराच्या कडेकडे सरकावे.

आपल्याकडच्या स्की-स्थळांना हे अधिकच लागू आहे, कारण तिथे उतारावर फक्त स्कीअर नसतात. गुलमर्गच्या सुरुवातीच्या उतारांवर लाकडी स्लेज ओढणारे असतात, स्नो-बाइक असतात, बर्फाचे गोळे फेकणारी कुटुंबे असतात आणि उताराच्या मधोमध पाठ करून फोटो काढणारेही असतात. या प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो आणि तो ओळखता येणे ही तिथली मोठी सोय आहे. स्नो-बाइकचे इंजिन उंचवट्यामागून दिसण्याच्या आधी ऐकू येते. स्लेजवाल्याची ‘हटो, हटो’ ही हाक तर दिवसभर चालूच असते.

यापेक्षाही ज्याकडे कमी लक्ष जाते तो आवाज पायाखालचा आहे. स्कीची पोलादी कड बर्फाला लागते तेव्हा तिथला बर्फ कसा आहे ते ती बोलून दाखवते. सकाळी, रात्रभर गोठलेल्या कडक पृष्ठभागावर, पत्र्यावर खिळा ओढावा तसा करकरीत, कोरडा खरखराट होतो. यंत्राने दाबून सारख्या केलेल्या उतारावर तो मऊ, सलग गुंजारवासारखा असतो. दुपारी उन्हाने भिजलेल्या बर्फात चपचप अशी जड फसफस ऐकू येते. केळीच्या बागेच्या बांधावर उभा असलेला रावेर-यावलचा शेतकरी मोटारीच्या आवाजातल्या बदलावरून विहिरीतले पाणी उतरल्याचे ओळखतो, तसेच हे आहे. डोंगराची सावली पडलेल्या पट्ट्यात आपण शिरतो तेव्हा मऊ आवाज एकदम खरखरीत होतो, आणि तो बदल कळला तर पाय घसरण्याच्या अगोदर कडेवर जोर वाढवता येतो. शिवाय स्वतःच्या चुकाही आवाजातच सापडतात. वळणाच्या शेवटी लांब खरवडल्यासारखा आवाज आला तर स्की कडेवर न चालता आडवी घसरते आहे; डाव्या वळणाचा आवाज उजव्यापेक्षा वेगळा असेल तर एका पायावर वजन कमी पडते आहे. चांगले प्रशिक्षक पाठीमागून येताना शिष्याच्या स्कीचा आवाज ऐकून दोष सांगतात, यात नवल नाही.

ताज्या, भुसभुशीत बर्फाची गोष्ट उलटी असते. त्याच्या कणांमधल्या पोकळ्या आवाज शोषून घेतात, म्हणूनच हिमवृष्टीनंतर सगळा परिसर इतका शांत वाटतो. अशा दिवशी मागून येणारा स्कीअर जवळजवळ निःशब्द येतो. ‘आज तसेही काही ऐकू येत नाही, मग गाणी लावली तर काय बिघडले’ असा युक्तिवाद त्या दिवशी ऐकायला मिळतो. तो साफ चुकीचा आहे. ज्या दिवशी ऐकू कमी येते त्या दिवशी उरलेसुरले ऐकणे जपायचे असते आणि वर पाहणे वाढवायचे असते.

ज्यांना कानांचे हे महत्त्व अतिशयोक्त वाटते त्यांनी पॅरालिंपिकमधल्या दृष्टिबाधित स्कीअरांचा विचार करावा. त्यांच्याबरोबर डोळस मार्गदर्शक असतो आणि तो आवाजाने, अनेकदा हेल्मेटमधल्या रेडिओवरून, वळण, चढउतार आणि वेग सांगत जातो. शर्यतीच्या वेगाने डोंगर उतरण्याइतका भरवसा ज्या इंद्रियावर ठेवता येतो ते आपण हौसेखातर बंद करून ठेवावे का, हा विचार ज्याने त्याने करावा.

शिकण्याचे दिवस

पहिल्या काही दिवसांत इअरफोन खोलीवरच ठेवून यावा, खिशातही नको. प्रशिक्षकाचे शब्द हेच या काळातले सगळे शिक्षण असते आणि ते शब्द तो चालता चालता, वाऱ्यात, पंधरा-वीस मीटरवरून देत असतो. गुलमर्गमधले बहुतेक प्रशिक्षक काश्मिरी वळणाची हिंदी बोलतात. ‘पिज्जा बनाओ’ म्हणजे स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करा, ‘आगे झुको’ म्हणजे वजन बुटाच्या पुढच्या भागावर आणा. या हिंदीची सवय व्हायला आपल्या मुलांना अर्धा दिवस लागतोच. त्यात कानात दुसरेच काही वाजत असेल तर निम्म्या सूचना हवेत जातात.

एका गटात चाळीसगावकडचा एक मुलगा होता. त्याने टोपीखाली एकाच कानात इअरबड ठेवला होता, तोही लहान आवाजात, आणि तो मुद्दाम कुणापासून लपवलाही नव्हता. प्रशिक्षक खालून हात हलवून ‘रुको’ म्हणत होते, कारण दोरीच्या पलीकडून स्लेजची रांग आडवी येत होती. मुलाला हाक ऐकू आली होती, हे त्याने नंतर सांगितले. पण ती डावीकडून आली की उजवीकडून हे त्याला कळले नाही, म्हणून तो आधी चुकीच्या बाजूला वळला आणि मग बसकण मारून थांबला. कुणाला लागले नाही. एक कान मोकळा आहे म्हणजे अर्धी सुरक्षितता आहे हा समज किती फसवा आहे, ते मात्र त्या दिवशी सगळ्या गटाला दिसले. आवाजाची दिशा आपण दोन्ही कानांवर येणाऱ्या आवाजातल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. एक कान बुजवला की ‘कोणीतरी येत आहे’ एवढे कळते, ‘कुठून’ हे कळत नाही, आणि उतारावर ‘कुठून’ हेच हवे असते.

जमू लागल्यानंतर

जमू लागले हे कसे ओळखायचे? स्वतः निवडलेल्या जागी, न पडता, प्रत्येक वेळी थांबता येते. दोन्ही बाजूंची वळणे सारखी पडतात. आणि नजर स्कीच्या टोकांवरून उठून वीस-पंचवीस मीटर पुढे राहते. एवढे झाल्यावरही उतार रुंद असावा, खालपर्यंत दिसत असावा, गर्दी विरळ असावी आणि हवा स्वच्छ असावी. धुके उतरले, ढगांमुळे बर्फाचे उंचवटे दिसेनासे झाले किंवा दोन उतार एकमेकांना मिळतात अशी जागा आली की गाणे बंद. दुपारी उशिरा सगळेच एकदम खाली परततात आणि पायही थकलेले असतात. ती वेळ पूर्ण शांततेची ठेवावी. बरोबर लहान मूल असेल तर त्या फेरीत संगीताचा विषयच काढू नये.

साधन निवडताना कानाची वाट मोकळी राहील असे निवडावे. हेल्मेटच्या कानपट्टीत बसणारे छोटे स्पीकर कानापासून थोडे दूर राहतात, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येतो. हाडातून कंप पोचवणारे हेडफोनही कानाचे छिद्र उघडे ठेवतात. फक्त हेल्मेटच्या पट्ट्यांखाली ते नीट बसतात का, हे दुकानातच हेल्मेट घालून पाहावे. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरबड या कामासाठी सर्वांत वाईट. त्यांत बाहेरचा गोंगाट दाबणारी नॉइज कॅन्सलेशनची सोय चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ही सोय सलग चालणारा, खालच्या पट्टीतला आवाज सर्वांत चांगला पुसते, आणि स्नो-बाइकचे इंजिन तसेच वाजते. काही इअरबड बाहेरचा आवाज मायक्रोफोनमधून आत सोडतात. बसून असताना ती सोय उत्तम चालते, पण वेगात त्या मायक्रोफोनवर वारा आपटत राहतो आणि कानात नुसता घोंघाट भरतो.

आवाज किती ठेवावा याची परीक्षा सोपी आहे. हेल्मेट, कॉलर, सगळे घालून उताराच्या कडेला उभे राहावे, गाणे सुरू करावे आणि सोबत्याला दहा-बारा पावले मागून नेहमीच्या आवाजात नाव घ्यायला सांगावे. नाव ऐकू आले आणि सोबती कोणत्या बाजूला आहे हे न वळता सांगता आले, तर आवाज ठीक आहे. मग एक छोटी फेरी मारावी. त्या फेरीत स्वतःच्या स्कीच्या कडेचा आवाज ऐकू आला पाहिजे. वेग वाढला की कानाशी वाऱ्याचा आवाज वाढतो आणि तो झाकण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवावासा वाटतो. हा मोह टाळायचा. वाऱ्यापुढे गाणे ऐकू येईनासे झाले तर ते तसेच राहू द्यावे. कानांच्या आरोग्यासाठीही हेच बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास सुरक्षित मानला जातो. तोच 90 डेसिबलवर गेला तर मर्यादा आठवड्याला 4 तासांवर येते.

कोणती गाणी, हाही प्रश्न फुटकळ नाही, कारण पाय गाण्याची लय पकडतात. आपल्या खान्देशात वरातीच्या बॅण्डवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ढोल आणि संबळ जोरात सुरू झाले की पाय आपोआप उचलले जातात. हल्लीच्या वेगवान अहिराणी गाण्यांत तोच जोर आहे, आणि मला ती मनापासून आवडतात, पण उतारावर ती नकोत. लय चढत गेली की वळणे लहान होत जातात, वेग वाढतो आणि तो वाढला हे कळतही नाही. शब्दांवर लक्ष जाणार नाही असे, संथ आणि एकसारख्या गतीचे वाद्यसंगीत निवडावे. वीसेक मिनिटांची यादी आधीच तयार करावी, ती आपोआप संपेल अशी ठेवावी, आणि चालत्या स्कीवर किंवा उताराच्या मध्ये थांबून गाणे बदलण्यासाठी फोन काढू नये. बदलायचेच असेल तर उताराच्या अगदी कडेला, वरून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी थांबावे. अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या आडोशाला थांबू नये, हेही त्या दहा नियमांतच आहे.

लिफ्ट, थंडी आणि फोन

लिफ्टच्या रांगेत शिरण्यापूर्वी गाणे बंद करावे, कारण तिथे कर्मचारी तोंडी सूचना देतात आणि चेअरलिफ्ट तुमच्यासाठी थांबत नाही. वायर असलेले इअरफोन मुळातच नेऊ नयेत. ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या दांड्यात किंवा खुर्चीच्या कडेला वायर अडकू शकते. तीच काळजी लोंबत्या मफलरची आणि ओढणीची घ्यावी. गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्याच्या, बंद डब्यात मात्र निवांत ऐका. खिडकीबाहेर देवदारांवर साचलेला बर्फ आणि कानात आवडती चीज, याला कोणाचीच हरकत असणार नाही.

ज्या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो तिथल्या आपल्याला फोन तापून बंद पडल्याचा अनुभव आहे, गोठून बंद पडल्याचा नाही. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आणि चार्ज दिसत असतानाही फोन अचानक बंद होऊ शकतो. आयफोनसाठी तर वापराचे तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असेच दिलेले आहे, आणि गुलमर्गचा हिवाळा त्याच्या बराच खाली जातो. म्हणून फोन जॅकेटच्या आतल्या, अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवावा. हातमोजा काढून इअरबड नीट करताना तो निसटला तर पांढऱ्या बर्फात पांढरा इअरबड सापडणे कठीण, आणि तेवढ्या वेळात बोटेही बधिर होतात.

याहून महत्त्वाची बाब सिमकार्डाची आहे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचे प्रीपेड सिम चालत नाही; पोस्टपेड चालते. गाणी घरूनच डाउनलोड करून न्यावीत हे झालेच, पण फोन हे आधी मदत मागण्याचे साधन आहे. सकाळपासून गाणी वाजवून संध्याकाळी ज्याची बॅटरी संपली आहे अशा फोनवरून 112 लावता येत नाही. गटातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड सिम असावे, आणि त्यांनी दिवसभर गाणी ऐकू नयेत.

आखलेल्या उताराबाहेर

गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा सुमारे 2,650 मीटरवरून कोंगडोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 3,980 मीटरवर पोचवतो. हा दुसरा टप्पा 2005 पासून सुरू आहे, आणि त्यानेच गुलमर्गला जगभरच्या स्कीअरांच्या नकाशावर आणले. वरचा बराचसा भाग मोकळा, न दाबलेला बर्फ आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये याच अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी 2024 मध्ये खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनातच एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. हौशी पर्यटकाने तिकडे जाऊच नये हे माझे स्पष्ट मत आहे. पण काही वर्षांच्या सरावानंतर अनुभवी मार्गदर्शकाबरोबर कुणी जाणारच असेल, तर त्याने इअरफोन खाली ठेवून जावे.

याचे पहिले कारण असे, की अस्थिर बर्फ पुष्कळदा आवाजाने इशारा देतो. पायाखालचा कमकुवत थर कोसळला की ‘व्हम्फ’ असा दबका, खोल हुंकार ऐकू येतो आणि क्षणभर जमीन बसल्यासारखी वाटते. तो आवाज आला की तिथेच थांबायचे आणि मार्गदर्शक सांगेल त्या वाटेने त्या उतारावरून निघायचे, एवढीच संधी मिळते. वरून कोणी ओरडले तरी ते ऐकू येण्यावर सगळे अवलंबून असते.

दुसरे कारण तांत्रिक आहे आणि पुष्कळांना माहीत नसते. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधण्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर, म्हणजे रेडिओ संदेश पाठवणारे आणि पकडणारे छोटे यंत्र, असतो. जवळचा फोन, ब्लूटूथ साधन, स्मार्टवॉच किंवा हिटरचे हातमोजे यांतून निघणाऱ्या विद्युत-चुंबकीय गोंधळाने त्याचा संदेश बिघडू शकतो. म्हणून ट्रान्सीव्हर संदेश पाठवत असताना अशी साधने त्याच्यापासून किमान 20 सेंटीमीटर आणि आपण शोध घेत असताना किमान 50 सेंटीमीटर दूर ठेवावीत, असा रूढ नियम आहे. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच निर्णायक असतात. छातीवरच्या खिशात गाणी वाजवणारा फोन असेल तर ती मिनिटे भरकटणाऱ्या खुणांमागे धावण्यात जातील.

निघण्यापूर्वी घरी

बर्फ आपल्याकडे नाही, पण ऐकण्याचा सराव इथे होऊ शकतो, आणि तो सहलीच्या महिनाभर आधी सुरू करावा. पायांसाठी जे चालणे, पळणे आणि सायकल चालते ते इअरफोनविना करावे. सुरत-नागपूर महामार्गाच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53 च्या, कडेने कानात गाणी लावून पळणारी मुले रोज दिसतात. ती सवय तिथेही धोक्याचीच आहे आणि तीच पुढे उतारावर सोबत येते. त्याऐवजी पहाटे एखाद्या शिवाररस्त्याने चालावे आणि मागून येणारे वाहन न वळता ओळखावे: ट्रॅक्टर की दुचाकी, किती अंतरावर, कोणत्या बाजूने जाईल. तोरणमाळ किंवा पाटणादेवीच्या वाटांवर उतरताना मुरूम, सुका पाला आणि खडक यांवर बुटाचा आवाज कसा बदलतो याकडे लक्ष द्यावे. दोन-तीन आठवड्यांत कान इतके सजग होतात की गाण्यांची उणीव फारशी जाणवत नाही.

गटाने जाणार असाल तर हाका आधीच ठरवून घ्या. ‘डावीकडून’ आणि ‘उजवीकडून’ हे शब्द वाऱ्यात शेवटी सारखेच ऐकू येतात, म्हणून आमच्या गटात ‘डावी’ आणि ‘उजवी’ एवढेच, लांबवून, ओरडायचे ठरले आहे. थांबवायचे असेल तर शिट्टी. पट्ट्यात अडकवलेली प्लास्टिकची शिट्टी प्रत्येकाकडे असावी. धातूची नको, ती थंडीत ओठाला चिकटते. अनोळखी हिंदी भाषक स्कीअरांसाठी ‘बाएँ’, ‘दाएँ’ म्हणायचीही सवय करावी. गटाबरोबरच्या दादा-ताईंनी पाठीवरच्या पिशवीत मोठा ब्लूटूथ स्पीकर घेऊन उतारावर वाजवण्याची कल्पना काढली तर ती नम्रपणे पण ठामपणे नाकारावी, कारण त्याने आपल्याबरोबर आजूबाजूच्या वीस जणांचे कान व्यापले जातात, ज्यांनी ती गाणी निवडलेलीच नसतात. तो स्पीकर मुक्कामाच्या खोलीत, बुखारीभोवती (खोली तापवणाऱ्या शेगडीभोवती) बसल्यावर काढावा.

सहलीचा म्होरक्या जो असेल त्याने पहिल्याच सकाळी, बूट चढवण्याच्या आधी, हे सगळे दोन मिनिटांत सांगून टाकावे, इअरफोन एका पिशवीत जमा करावेत आणि ज्या दिवशी प्रशिक्षक एखाद्याविषयी ‘आता हा एकटा खाली येऊ शकतो’ असे म्हणतील, त्या दिवशी त्याचा इअरफोन त्याला परत द्यावा.